कामावरून कमी केलंय आणि सगळे म्हणतायत, 'मिळेल ते धर'

सातारा एमआयडीसी असो नाहीतर कुपवाड, ऑर्डर घटल्या की पहिली कुऱ्हाड ठेकेदाराच्या माणसांवर पडते. माणूस घरी आला की आठ दिवसांत फोन सुरू होतात. "लगा, शिरवळला पॅकिंगला जागा हाय. उद्याच्या उद्या ये, हेल्पर म्हणून घेतो, पुढचं पुढं बघू." आठ वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटिंग केलेल्या माणसाला हे सांगतात. घरातलेही मागे लागतात, "पडून राहण्यापेक्षा बरं की." भर म्हणून कुणीतरी ठोकून देतं, "आलेली नोकरी नाकारलीस तर ईएसआयचा भत्ता बुडंल."

या शेवटच्या वाक्यासाठीच ही पोस्ट. ते खोटं आहे.

ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. नोकरी गेलेल्या विमाधारकाला आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो. सरासरी दैनिक कमाईच्या आधी २५ टक्के मिळायचे, कोरोनाच्या काळात ते ५० टक्के झाले. योजनेची मुदत तुकड्या-तुकड्यांत वाढवत आणली आहे, म्हणून अर्जाआधी शाखेत चालू मुदत विचारून घ्या. पण 'आलेलं काम घ्यावंच लागेल' अशी अट तिच्यात नाही. परदेशात भत्ता घेणाऱ्याला दर आठवड्याला किती ठिकाणी अर्ज केले ते दाखवावं लागतं म्हणे, तसलं इथे काही नाही.

अट आहे ती नोकरी कशी गेली याची. शिस्तभंगाची कारवाई, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यातून बेकारी आली असेल तर भत्ता नाही. त्याशिवाय बेकारीच्या आधी दोन वर्षं विमा हवा, लगतच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान (विम्याचा हप्ता) हवं, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात पुन्हा ७८ दिवस. अंशदान कालावधी म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.

आता पैशाचं बघा, कारण 'बसून खातोय' म्हणणाऱ्याने हा हिशेब कधी केलेला नसतो. चार कालावधींचा एकूण पगार भागिले ७३०, ही तुमची रोजची सरासरी. दोन वर्षं सलग १८ हजार पगार असेल तर ४ लाख ३२ हजार भागिले ७३०, म्हणजे ५९२ रुपये. त्याचे निम्मे २९६. महिन्याला साधारण ८,८८०, नव्वद दिवसांचे साडेसव्वीस हजार. मध्ये सहा महिने ब्रेक पडला असेल तरी भागायचं ७३० नेच, मग तोच आकडा वीस हजारांच्या आत येतो. ठेकेदार दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक' देतो तेव्हा इथेही तुमची कापणी होत असते.

शिरवळची हेल्परकी धरा, १५ हजार. पीएफ १,८००, ईएसआय ११३, व्यवसाय कर २००. हातात १२,८८७. सातारा ते शिरवळ जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये खंबाटकी घाट. १२० धरा, २६ दिवसांचे ३,१२० किलोमीटर. गाडी लिटरला ४५ देत असेल तर ६९ लिटर, १०५ रुपयांनी ७,२८० रुपये पेट्रोल. उरले ५,६००. चहा-नाश्ता, टायर, सर्व्हिसिंग वेगळं. कंपनीची बस असेल तर गणित बदलतं, म्हणून पहिला प्रश्न बसचा विचारायचा आणि बस कुठल्या थांब्यावरून, कुठल्या शिफ्टला, हेही. फर्स्ट शिफ्टला असते आणि थर्डला नसते, असं होतं.

पैशापेक्षा मोठा फटका कागदावर बसतो. नव्या ठिकाणी तुम्ही आठ दिवस गेलात, त्यांनी तुमच्या त्याच दहा अंकी विमा क्रमांकावर अंशदान भरलं, आणि जमत नाही म्हणून नवव्या दिवशी तुम्ही सोडलं. आता रेकॉर्डवर तुमची शेवटची नोकरी ही, आणि ती तुम्ही स्वतःहून सोडलेली. आधीच्या कंपनीने कमी केलं होतं ही गोष्ट एका नोंदीखाली गाडली गेली. म्हणून 'जाऊन तर बघ, नाही पटलं तर सोड' हा सल्ला या तीन महिन्यांत महाग पडतो.

उलट बाजूही सांगायला हवी. चांगलं काम आलं तर भत्त्यापायी सोडू नका. मध्येच नोकरी लागली तर बेकार झाल्या दिवसापासून रुजू होईपर्यंतच्या काळाचा भत्ता मागता येतो. पुढच्या तारखांचा दावा मुळात करताच येत नाही, मागच्याच दिवसांचा करायचा असतो. पहिले ३० दिवस गेल्यावर तो देय होतो.

आणि 'रोखीने देतो, मस्टरवर नाव नको' असं कुणी म्हणालं तर ते काम भत्ता चालू असताना घेणं म्हणजे खोटा दावा. उद्या प्रेसमध्ये बोट गेलं तर नाव कुठेच नसतं, मग तुम्ही तिथे कामाला होता हे सिद्ध करण्यापासून सुरुवात.

आता राजीनाम्याचा कागद. एचआरच्या टेबलावर किंवा ठेकेदाराच्या गाडीच्या बॉनेटवर तो तुमच्यापुढे येतो. आधीच टाइप केलेला, "मी माझ्या घरगुती कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे", तारखेची जागा कोरी, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवलेला. "सही केलीस की हिशोब लगेच." त्या कागदाची किंमत बघा. कामगार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई. १८ हजारवाल्याची आठ वर्षं धरली तर भरपाईच किमान ७२ हजार. सही झाली की हे सगळं गेलं, आणि भत्त्यासाठी लागणारं कारणही गेलं. हिशोब लगेच मिळणं हे काही बक्षीस नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनामा असो वा कपात, मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची आहे.

सही नाकारणं प्रत्येकाला जमत नाही, मान्य. निदान फोटो काढा, त्याच दिवशी एचआरला ईमेल आणि स्पीड पोस्टाने दोन ओळी पाठवा: "अमुक तारखेपासून काम नसल्याचे सांगून मला कामावरून कमी केले आहे." पोच जपून ठेवा. मालक ईएसआयच्या मासिक भरण्यात तुमच्या शून्य कामाच्या दिवसांपुढे कारण निवडतो. त्या यादीत 'नोकरी सोडली' वेगळं आहे आणि 'कपात' वेगळं. क्लार्क सवयीने पहिलं टाकतो. तुमचं पत्र तिथे कामाला येतं.

दावा ईएसआयसीच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो, मालकाची शिफारस लागत नाही. अडकतो तो बहुतेक वेळा फालतू कारणांनी. आधारवर 'दत्तात्रय', विमा नोंदीत 'दत्ता'. बँक विलीन झाली आणि जुना आयएफएससी तसाच राहिला. हे कामावर असतानाच तपासून घ्यायचं.

कंपनीने काढलेलं नाही, फक्त ले-ऑफ दिलाय, म्हणजे नोकरी कायम पण तूर्त काम नाही, तर मामला निराळा. तिथे नकार खरोखर अंगाशी येऊ शकतो. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम २५-ई नुसार, त्याच मालकाने दिलेलं पर्यायी काम नाकारलं तर निम्म्या पगाराची ले-ऑफ भरपाई बंद व्हायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली, आणि हीच तरतूद तिच्यातही आली आहे. पण कलम नीट वाचा. काम त्याच युनिटमध्ये, किंवा त्याच मालकाच्या त्याच गावातल्या नाहीतर पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आतल्या युनिटमध्ये हवं. त्याला खास कौशल्य किंवा आधीचा अनुभव लागता कामा नये. आणि नेहमीची मजुरी मिळायला हवी. साताऱ्याजवळच्या कोडोलीच्या कामगाराला त्याच मालकाने शिरवळला जा म्हटलं आणि तो नाही म्हणाला, तर त्याची भरपाई या कलमाखाली थांबवता येत नाही. मिरज एमआयडीसीतून कुपवाडला पाठवलं तर मात्र अंतर मोजूनच बोला, ते जवळ भरतं. ले-ऑफच्या दिवसांत ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा गेटवर हजेरीही लावावी लागते. गेटवरचा माणूस "आज काम नाही, जा" म्हणतो आणि रजिस्टर पुढे करत नाही. रजिस्टर मागायचं. नाहीच दिलं तर गेटसमोर उभं राहून वेळ दिसेल असा फोटो काढायचा आणि लगेच एचआरच्या नंबरवर पाठवून द्यायचा.