सोवळ्यातला संगणक

"सर, तुम्ही मंगळवारी जर्मनीत होतात का?"

बँकेच्या काउंटरवरची मुलगी इतक्या गोड आवाजात विचारत होती की क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. "आणि लगेच नेदरलँड्सला?" मी म्हटलं, मंगळवारी मी कोथरूडला होतो, गॅसवाल्याची वाट बघत. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रीनवर विश्वास ठेवला. माझं नेटबँकिंग बंद झालं होतं. कशासाठी? तर माझ्याच सुरक्षिततेसाठी.

आता हे जर्मनी प्रकरण टेल्समुळे झालं. टेल्स ही पेनड्राइव्हवरून चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम. मशीन बंद केलं की सगळं विसरते, आणि इंटरनेटवर जाताना प्रत्येक गोष्ट टॉरमधून, म्हणजे तीन परक्या संगणकांना वळसा घालून पाठवते. त्यामुळे आपण कुठून आलो ते समोरच्याला कळत नाही. बँकेला तेच खुपलं.

मुळात या वाटेला मी हौसेनं गेलो नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला आणि विंडोज ११नं माझ्या धडधाकट लॅपटॉपला प्रोसेसर जुना म्हणून दारातूनच परत पाठवलं. नव्या लॅपटॉपचा विषय घरात काढला तर, "अहो, चालतोय की हा." मग म्हटलं, बदलायचंच आहे तर नुसतं फुकटातलं कशाला, चांगलं भक्कम काहीतरी घेऊ. रोज बातम्या वाचतोच आपण, कुणाचे किती लाख गेले त्याच्या.

पहिल्यांदा ओपनबीएसडी, हीसुद्धा ऑपरेटिंग सिस्टीमच. थिओ द राट नावाच्या गृहस्थांनी १९९५मध्ये वेगळी चूल मांडून सुरू केलेली, कॅनडातली. इतक्या वर्षांत मूळ इन्स्टॉलेशनमध्ये बाहेरून आत शिरता येईल अशी फक्त दोन भोकं सापडली, असं ते अभिमानानं सांगतात. मला फार आवडली. पण तिच्यात ब्लूटूथ नाही. होतं, ते २०१४मध्ये काढून टाकलं. सौ.चा हेडफोन ब्लूटूथचा आहे. विषय संपला.

मग क्यूब्स, तिसरी सिस्टीम. क्यूब्स म्हणजे आमच्या आजीचं सोवळं. बँकेचं काम एका खोलीत, ईमेल दुसऱ्या, वाटेल त्या लिंका उघडायच्या तर तिसऱ्या खोलीत, आणि कुणी कुणाला शिवायचं नाही. प्रत्येक खोली म्हणजे वेगळा आभासी संगणक, खिडकीला वेगळ्या रंगाची किनार. ओवळ्याची लाल. सगळ्या खोल्यांचा कारभार जिथून चालतो त्या देवघराला डॉम-शून्य म्हणतात. तिथं इंटरनेटला प्रवेशच नाही. या खोलीतला मजकूर त्या खोलीत न्यायचा तर साधं कॉपी-पेस्ट चालत नाही, मध्ये आणखी दोनदा बटणं दाबून शुद्ध करून घ्यावा लागतो. एवढं करून तिचे कर्ते स्वतः 'बऱ्यापैकी सुरक्षित' एवढंच म्हणतात. हा नम्रपणा मला भावला. रॅम मात्र सोळा जीबी असावी म्हणतात, ती मी घरात न सांगता घेतली. "अहो, लाइट बिलाचा प्रिंट काढायला कुठल्या रंगात जायचं?" या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तर बँक. "सर, अर्ज भरा आणि आधारची झेरॉक्स जोडा." मी पाकिटातून मास्क्ड आधार काढलं. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. सरकारनंच दिलेली सोय. तिनं ते दोन बोटांत धरलं. "हे फुल्याफुल्यांचं नाही चालत सर. पूर्ण नंबर दिसला पाहिजे. समोर झेरॉक्सवाला आहे."

झेरॉक्सवाला पंचविशीतला, कानात इअरफोन, समोर विंडोज ७. जानेवारी २०२०मध्ये जिचा आधार संपला, ती. डेस्कटॉपवर फायलींची इतकी दाटी की मागचा गणपती फक्त सोंडेपुरता दिसत होता.

"पेनड्राइव्ह आणलाय का काका?"

खिशात होता. त्याच्या मशीनच्या यूएसबीत तो घालायचा या कल्पनेनंच मला घाम फुटला. "नाही," मी म्हटलं.

"मग व्हॉट्सॲप करा. नंबर भिंतीवर आहे."

केलं. त्याचं व्हॉट्सॲप त्याच स्क्रीनवर सताड उघडं. माझ्या आधारच्या खाली कुणाचं पॅनकार्ड, कुणाचा सोनोग्राफीचा रिपोर्ट, कुणाचा लग्नाचा बायोडेटा. मुलगी एमकॉम आहे, उंची पाच-तीन, हे मला आता कायमचं माहीत झालंय.

"काका, पासवर्ड लागतोय." मी त्याच्या कानाशी वाकलो. "राहू द्या," तो म्हणाला, "नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटल आणि पुढे जन्मसाल. सगळ्यांचं तेच असतं. नाव दिसतंय इथं. साल बोला."

"अडुसष्ट," मी पुटपुटलो.

"एकोणसत्तर?"

"अडुसष्ट."

त्यानं एका कानातला इअरफोन काढला. "काय?"

"अडुसष्ट! एकोणीसशे अडुसष्ट!"

रांगेतल्या एक बाई मागून म्हणाल्या, "वाटत नाही हो." कागदपत्रांची एवढी वाताहत होत असतानाही मला बरं वाटलं, हे नाकारत नाही.

पण संताप यायचा तो येतोच. २०२२च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्याच बंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या, सार्वजनिक संगणकावर डाउनलोड करू नका. दोन दिवसांत ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. कसला गैरसमज? लिहिलं होतं तेच तर बरोबर होतं! आपण घरी सात कड्या लावून बसायचं आणि बँकेनंच आपल्याला या गणपतीच्या सोंडेसमोर उभं करायचं. उद्या माझ्या नावावर कुणी सिमकार्ड काढलं तर हीच बँक मला जागरूक ग्राहक कसं व्हावं याचा एसएमएस पाठवेल.

"दहा रुपये," तो म्हणाला. मी दिले आणि शक्य तितक्या सहज सुरात म्हटलं, "ती फाइल तेवढी डिलीट करा हं."

"केली काका."

"ती रिसायकल बिनमध्ये गेली. तिथूनही काढा ना."

त्यानं माझ्याकडे खरोखर कीव आल्यासारखं पाहिलं. "बिन नाही रिकामं करत मी. लोक परत मागायला येतात. परवा एका काकूंचं डोमिसाइल त्यातूनच काढून दिलं. तुम्हालाही लागेल बघा."