एप्रिलचं ऊन आणि औदचे सात-आठ फवारे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया खणखणीत आहे, त्यामुळे उत्तर दोन ओळींत उरकणार नाही. बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात हलका सुगंध निवडा आणि दोन फवारे पुरेत, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा सल्ला घरात पंख्याखाली बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे औषध कंपनीचे प्रतिनिधी, भर एप्रिलात बाईकवर सांगली, मिरज, तासगाव करता. हलकं परफ्यूम विश्रामबागेतून मिरज येईपर्यंत उडून जातं, म्हणून तुम्ही औदवालं (अगरूच्या लाकडाच्या वासाचं) कडक परफ्यूम सात-आठ फवारे मारता, 'आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही'. शिवाय अरब लोक ४५ अंशांत औदच लावतात, हा तुमचा हुकमी पत्ता.

उडून जातं हे खरंच आहे. लिंबू-संत्र्याच्या वासातलं लिमोनीन हा १० कार्बनचा चिमुकला रेणू. तापलेल्या कातडीवर तो अर्धा तास टिकला तरी खूप. चंदन आणि वाळ्यातले रेणू १५ कार्बनचे, जड, म्हणून रेंगाळतात. पण दादा, उडालेला वास जातो कुठे? शेजारच्याच्या नाकात! उन्हानं लिंबूच तेवढं उडतं आणि औद जागेवर बसून राहतं, असं नाही. औदही जास्त वेगानं सुटतं आणि जास्त लांब जातं. डिसेंबरात हातभर अंतरावर कळणारं परफ्यूम मे महिन्यात खोलीभर होतं. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण सतत येणाऱ्या वासाकडे नाक थोड्या वेळानं दुर्लक्ष करायला लागतं. त्यात स्वस्त 'औद' परफ्यूममध्ये खरं औद नसतंच. अगरूच्या झाडाला बुरशी लागली की त्या लाकडात राळ तयार होते, ते खरं औद, आणि त्याचे भाव आपल्या आवाक्यातले नाहीत. बाटलीत असतात ते प्रयोगशाळेत केलेले लाकडी, कस्तुरीसारखे वास. त्यातले काही मोठे रेणू काही जणांना मुळीच कळत नाहीत आणि शेजारच्याचं मात्र डोकं उठवतात.

राहिली तक्रार. आपल्याकडे वासाची तक्रार तोंडावर कोण करतं हो? सांगली-मिरज सिटी बसमध्ये दुपारी एखादा असा घमघमत चढला की खिडकीजवळची बाई काच सरकवून बघते, सरकली नाही की पदर नाकाला लावते, आणि मागचा माणूस शिटं रिकामी नसतानाही उठून दाराशी जाऊन उभा राहतो. बोलत कुणीच नाही. तुमचं काम तर दवाखान्यांत. तिथल्या दहा बाय दहाच्या वेटिंगमध्ये दम्याचे पेशंट, अर्धशिशीवाले, दिवस गेलेल्या बायका बसलेल्या असतात. तुमचा नंबर येईपर्यंत तुमचे सात फवारे त्यांनी घ्यायचे, हा कुठला न्याय?

आता अरबांचं. लावतात, बरोबर. पण कसं लावतात तेही बघा. औदचं तेल बोटानं टिपून लावायचं आणि अंगात घालायच्या सैल कपड्यांना बखूरचा, म्हणजे सुगंधी लाकडाच्या धूपाचा, धूर द्यायचा, ही तिकडची रीत. फवारेही मारतात, नाही असं नाही. पण तिथे सगळ्यांच्याच अंगाला तो वास असतो, पाहुण्याला तो दिला जातो, त्याची सवय आणि अपेक्षा दोन्ही असते. मिरजेच्या दवाखान्यात ती नसते. आणि त्यांचं बघायचंच तर तो थेंबभर तेलाचा हिशेब आधी घ्या.

खरं तर इतक्या लांब जायलाही नको. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपल्याकडे काय असतं? आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, गुलाबपाण्याचा शिडकावा आणि मनगटाच्या मागे अत्तराचं एक बोट. ऐन उन्हाळ्यातला सण, आणि एकच बोट! जुने अत्तरवाले हिना आणि शमामा ही उष्ण, जड अत्तरं थंडीसाठी ठेवतात. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा, केवडा. माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या माणसांना गार वास कोणता हे कुणी शिकवावं लागत नाही. तुम्हाला टिकणारं हवंय ना, मग वाळाच बघा. मूळ जमिनीतलं, रेणू जड, वास हिरवा आणि मातकट, गोडवा जवळपास नाही. घामात गोड वास चढला की मळमळतं. म्हणून व्हॅनिला आणि अंबरसारखे गोड वास मी मार्च ते जून कपाटात ठेवते. दवणाही सुंदर. जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाहतात तोच. त्याचं तेल परदेशी परफ्यूमवालेही वापरतात, आणि ते माणसागणिक वेगळा वास देतं अशी त्याची ख्याती आहे, म्हणून स्वतःच्या हातावर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

हातावर म्हणजे खरोखर हातावर. दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून पैसे देणं हा माझ्या मते शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. मनगटावर एक फवारा घ्या, बाहेर पडा, सांगलीच्या हरभट रोडवर उन्हात एक चक्कर मारा, रस प्या, तासाभरानं पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला तर परत जा.

बाईकवाल्यासाठी वेगळं सांगते, कारण तुमची अडचण खरी आहे. आंघोळ झाल्यावर अंग नीट पुसून छातीवर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. कोरड्या कातडीवर सुगंध धरत नाही. त्यावर एक फवारा, मग शर्ट. दुसरा बनियनवर, कारण सुती कापड कातडीपेक्षा जास्त वेळ वास धरतं. मानेवर नको. एक तर हेल्मेटच्या आत तो कोंडतो आणि तुमचंच डोकं धरतं. दुसरं, बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल बऱ्याच परफ्यूममध्ये असतं आणि त्यात बर्गॅप्टिन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीवर असताना कडक ऊन लागलं की काळपट डाग पडतात. बऱ्याच कंपन्या आता ते काढून टाकलेलं तेल वापरतात, पण बाटलीवरून आपल्याला कळणार कसं?

दुपारी एक-दोनच्या सुमाराला तोंड-मान धुऊन खिशातल्या छोट्या बाटलीतून आणखी एक फवारा. दिवसाचे तीन. हलकं परफ्यूम पुन्हा लावावं लागतं यात कमीपणा नाही, ते त्यासाठीच असतं. तापात आपल्या घरी कपाळावर ज्याच्या घड्या ठेवायचे ते यूडीकोलन १७०९ पासून जर्मनीतल्या कोलोन शहरात बनतंय. अशा कोलोनमध्ये सुगंधी तेल साधारण २ ते ४ टक्केच. दिवसातून चारदा लावलं तरी कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. तुमच्या बाटलीवर 'ओ द पार्फम' लिहिलंय, म्हणजे १५ ते २० टक्के. त्याचे आठ फवारे!

घामाच्या वासावर परफ्यूम मारत असाल तर तो उपाय नाही. ताज्या घामाला फारसा वास नसतो, काखेतले जिवाणू तो तयार करतात. तिथे अँटिपर्स्पिरंट, म्हणजे घाम कमी करणारं औषध, लावा आणि परफ्यूमला त्याचं काम करू द्या.

औदची बाटली मात्र टाकू नका. डिसेंबरात साताऱ्याकडे एखादं लग्न निघेल, तेव्हा संध्याकाळी कोटाला एक फवारा मारा. मीही कौतुक करीन.

आणि तुम्ही लिहिलंय की डिओचा डबा बाईकच्या डिकीत असतो. डब्यावर बारीक अक्षरांत ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं. मे महिन्यात दुपारी दवाखान्याबाहेर उन्हात लावलेल्या गाडीची डिकी किती तापते, हात लावून बघा. तो डबा आजच बाहेर काढा.