छापील मॅन्युअल न मिळाल्याबद्दलच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. नवी गाडी घेतल्यावर तिसऱ्याच आठवड्यात ती तळघरातल्या पार्किंगमध्ये मुकाट झाली. 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण उतरल्याने रिमोटने दार उघडेना. मॅन्युअल गाडीच्या पडद्यावर आणि पडदा काळा. मोबाइलला तळघरात नेटवर्क नाही. आणि कसेबसे दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्यात पुस्तकाऐवजी क्यूआर कोड छापलेले एक घडीपत्रक. पुढे आमच्या काउंटरवर आपण छापील पुस्तक मागितले, तेव्हा "आता सगळे मोबाइलवरच असते" असे उत्तर मिळाले, आणि पाठवलेली लिंकही आपल्या गाडीच्या मॅन्युअलची नव्हती. एवढे सगळे होऊनही आपण दोन तारे दिलेत, ते मला कमी वाटत नाहीत.

आधी लिंकबद्दल, कारण ती चूक निव्वळ आमची आहे. एकाच नावाची गाडी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या इंजिनांसह आणि गिअरबॉक्ससह विकली जाते, आणि प्रत्येकीचे मॅन्युअल एक नसते. आमच्या कर्मचाऱ्याने फक्त नाव टाकून पहिली सापडलेली फाइल पाठवली. 17 अक्षरांचा चासी नंबर समोर ठेवून शोधले असते, तर हे घडले नसते. चुकीचे मॅन्युअल हे मॅन्युअल नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर विश्वास ठेवतो. काउंटरवरच्या उत्तराबद्दलही मी क्षमा मागतो. ग्राहक पुस्तक मागत असताना त्याला काळ बदलल्याचे ऐकवणे हे उत्तर नव्हे.

मात्र "पुस्तक असते तर माझे दोन तास वाचले असते" हे आपले वाक्य मला अर्धेच पटते. पुस्तक असते तर तेही त्याच बंद गाडीत असते. त्या क्षणी आपल्याला हवी होती ती एक छोटी माहिती: रिमोटच्या पोटात एक साधी धातूची किल्ली असते, कडेचा खटका सरकवला की ती बाहेर येते, आणि तिचे भोक दाराच्या मुठीपाशी एका टोपणाखाली लपवलेले असते. ही गोष्ट गाडी ताब्यात देताना हातात देऊन दाखवायची असते. मी चौकशी केली. आपल्या डिलिव्हरीच्या वेळी आमच्या माणसाने बराच वेळ आपला मोबाइल गाडीच्या स्पीकरला जोडून देण्यात घालवला, जे आपण घरी बसून सहज केले असते, आणि किल्लीचा विषयच निघाला नाही. छापील की डिजिटल हा वाद त्या दारापाशी लागूच होत नाही. तिथे आम्ही कमी पडलो.

दार उघडल्यानंतरचा भाग मात्र पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. कोणीतरी जंपर केबल घेऊन मदतीला आले, बॉनेट उघडले, आणि आत बॅटरीच दिसेना. या गाडीत ती डिकीच्या तळाशी आहे, डिकीचे कुलूप विजेवर चालते आणि वीज नव्हती. बाहेरून वीज देण्यासाठी बॉनेटखाली लाल टोपणाचे एक टोक मुद्दाम काढून ठेवलेले असते आणि काळी केबल शेवटी इंजिनाच्या उघड्या धातूला लावायची असते, हे सांगायला दोन ओळी आणि एक चित्र पुरते. त्या दोन ओळी डिजिटल मॅन्युअलमध्ये आहेत, म्हणजेच जी बॅटरी मेल्यावर लागतात त्या त्याच बॅटरीवर चालणाऱ्या पडद्याच्या आड आहेत. गिअर पार्किंगमध्ये अडकलेला असताना गाडी ढकलण्यापुरता तो सोडवायचा कसा, हेही तिथेच. ही रचना चुकीची आहे, आणि मी हीच गाडी विकतो म्हणून मला तसे लिहिण्यात संकोच वाटत नाही.

कागदाचा खर्च वाचवण्यासाठीच कंपन्यांनी पुस्तक काढून टाकले, असे आपण लिहिले आहे. खर्च वाचतो हे खरेच, पण तेवढेच कारण नाही. आजचे पूर्ण मॅन्युअल सहज पाचशे-सहाशे पानांचे होते, आणि त्यात सगळ्या प्रकारांची माहिती एकत्र असल्याने निम्म्या मजकुराला "असल्यास" अशी शेपटी लागते. वाचणाऱ्याला आपल्या गाडीत ते आहे की नाही हेच कळत नाही. शिवाय आता गाडीचे सॉफ्टवेअर अधूनमधून बदलते, पडद्यावरच्या सूचींची जागा बदलते, आणि छापलेले पान त्या दिवसापासून खोटे सांगू लागते. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना पडद्यावर अक्षर मोठे करता येते, याचे महत्त्व मला वय वाढेल तसे जास्त कळू लागले आहे.

तरीही शोधण्याच्या सोयीचे जे कौतुक केले जाते, ते मी तितकेसे करत नाही. शब्द माहीत असेल तरच शोधता येते. डॅशबोर्डवर पिवळे चित्र पेटले आणि त्याला काय म्हणतात हेच माहीत नसेल, तर शोधाच्या चौकटीत काय लिहायचे? आपण "हँडब्रेक" लिहितो आणि मॅन्युअलमध्ये त्याचे नाव "इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक" असते. पुस्तकात चित्रांचे पान उघडून बोट ठेवले की काम होते. आणि पुस्तक चाळताना जी गोष्ट विचारायची हेच सुचले नसते, तीही डोळ्यांखाली येते. किल्लीचे पान असे कित्येकांना दिसले असते.

क्यूआर कोडबद्दल एक गंमत सांगायची तर, तो 1994 साली जपानच्या डेन्सो समूहात वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठीच तयार झाला. कारखान्यात तो उत्तम काम करतो. पण घडीपत्रकावरच्या चौकोनात मॅन्युअल नसते, फक्त त्याचा पत्ता असतो, आणि नेटवर्क नसेल तर पत्त्यावर पोहोचता येत नाही.

खरे तर सूचना जिथे लागते तिथे लिहावी, हे कंपन्या जाणतात. टायरमधली हवा किती ठेवायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेले असते, एअरबॅगचा इशारा सनवायझरवर असतो, आणि तात्पुरत्या बारीक स्टेपनीवर ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. यांतले काहीच मोबाइलवर ढकललेले नाही. माझे म्हणणे एवढेच की बंद पडलेल्या गाडीच्या सूचनाही याच वर्गात मोडतात. हे मी कंपनीला आपल्या अभिप्रायासह लेखी कळवले आहे. ती काय करील याचे आश्वासन मी देऊ शकत नाही.

जे माझ्या हातात आहे ते सुरू केले आहे. प्रत्येक डिलिव्हरीच्या वेळी चासी नंबरवरून शोधलेले मॅन्युअल ग्राहकाच्या मोबाइलमध्ये उतरवून दिले जाते, जेणेकरून ते नेटवर्कशिवाय उघडेल. त्यासोबत आम्ही चार पानांचा छापील कागद देतो: किल्ली, केबल लावण्याची टोके, गिअर सोडवणे, ओढून नेण्याचा हुक कुठे बसतो, लाल आणि पिवळ्या दिव्यांतला फरक. त्याचे एक पान मुद्दाम पाकिटात मावेल एवढे ठेवले आहे, कारण कप्पा बंद गाडीत असतो हे आपल्याच प्रसंगातून आम्हाला कळले.

पूर्ण छापील पुस्तक सुट्या भागासारखे स्वतंत्र क्रमांकाने मागवता येते, हे आपल्याला काउंटरवर सांगायला हवे होते. आपली प्रत मी मागवली आहे आणि तिचे पैसे आपल्याकडून घेतले जाणार नाहीत. ती छापल्यानंतर पडद्याच्या दोन सूची बदलल्या असल्याने ती पाने जुनी आहेत; त्यांवर सुधारित मजकुराची चिठ्ठी लावूनच पुस्तक आपल्या हाती देऊ. बॅटरी तीन आठवड्यांत का उतरली, हा प्रश्न आपण अभिप्रायात विचारलेला नाही, पण मला तो सतावतो आहे. पुस्तक घ्यायला याल तेव्हा गाडी अर्धा दिवस आमच्याकडे ठेवावी, म्हणजे ती बंद असताना वीज कुठे झिरपते आहे हे मोजून पाहता येईल.

आपला,
शोरूमचा मालक