जागरणाच्या ईईजीबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात ईईजीबद्दल, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढायच्या तपासणीबद्दल, एक मेसेज आला. त्याआधी तो माहेरच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: 'ईईजीच्या आदल्या रात्री जागवतात ते मुद्दाम फिट आणायला. डोक्याला वायरी लावून करंट सोडतात. जायचंच असेल तर दोन दिवस आधीपासून फिटच्या गोळ्या बंद ठेवा, म्हणजे दोष नीट दिसतो. उपाशीपोटी जा. रिपोर्ट नॉर्मल आला की आजार नाहीच.' माझ्या सोळा वर्षांच्या भाचीची ही तपासणी यंदाच वाशीला झाली आणि ती अख्खी रात्र मी तिच्याबरोबर जागले. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवलं नाही.

आधी गोळ्यांचं बोलते. बाकीच्या चुकांनी फार तर तपासणी वाया जाईल, ही चूक जिवावर बेतू शकते. चालू असलेली फिटची गोळी एकदम थांबवली तर आकडी उसळते, कधी एकीतून दुसरी अशी लागोपाठ येत राहते. पाच मिनिटांत न थांबलेली आकडी म्हणजे थेट इस्पितळ गाठायची वेळ. त्यात वर जागरण! काही रुग्णांच्या गोळ्या डॉक्टर कमी करतात हे खरं, पण ते बहुधा दाखल करून घेऊन, स्वतःच्या देखरेखीखाली. घरच्या घरी, ग्रुपवर वाचून, कधीच नाही. भाचीला 'गोळ्या नेहमीच्या वेळेला' असं लिहून दिलं होतं आणि सकाळची गोळी तिने पोह्यांबरोबर घेतली.

पोहे म्हटलं, कारण उपाशी जायचं नसतं. पोट रिकामं राहून रक्तातली साखर उतरली तर मेंदूच्या लहरी बदलू शकतात. बंद ठेवायचे ते चहा, कॉफी आणि कोला. केस आदल्या दिवशी शाम्पूने धुवायचे, तेल लावायचं नाही, नाहीतर तपासणीसाठी डोक्याला लावायच्या वायरींच्या चकत्या नीट चिकटत नाहीत.

करंट सोडत नाहीत. मेंदूच्या पेशींची स्वतःची जी वीज असते, ती या वीसेक चकत्या फक्त टिपतात. ती इतकी क्षीण असते की मायक्रोव्होल्टमध्ये मोजावी लागते, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा आलेख पहिल्यांदा घेतला, तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

आता 'मुद्दाम फिट आणतात' याबद्दल. जागरणाने काहींना फिट येऊ शकते, हे मी लपवणार नाही. म्हणूनच त्या रात्री रुग्णाला एकटं ठेवायचं नाही, न्हाणीघराची कडी आतून लावू द्यायची नाही, दुसऱ्या दिवशी गाडी चालवू द्यायची नाही. पण तपासणीचा हेतू फिट आणणं हा नसतो. दोन फिटांच्या मधल्या काळातही मेंदूत क्षणभर टोकदार लहरी उमटतात. जागेपणातून डुलकीत उतरताना त्या दिसण्याची शक्यता वाढते. साध्या ईईजीत त्या अनेकदा सापडतच नाहीत, म्हणून जागरण. पापण्या जड झालेल्या असल्या की वायरी लावूनही माणूस झोपतो.

म्हणूनच वाटेतली डुलकी फार महागात पडते. आम्ही रात्रभर पत्ते खेळलो, पहाटे गच्चीवर फेऱ्या मारल्या, पण खरी कसोटी लोकलमध्ये लागली. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला पोचेपर्यंत तिची मान तीनदा कलंडली. मी तिला उभंच केलं आणि वाशीपर्यंत शाळेच्या गोष्टी विचारत राहिले. बिचारी रडवेली झाली होती. टेबलावर आडवी झाल्यावर मात्र दहा मिनिटांत झोपली.

राहिला नॉर्मल रिपोर्ट. फिटचा आजार असूनही ईईजी नॉर्मल येऊ शकतो. निदान करताना डॉक्टर फिट कशी आली, किती वेळ टिकली, नंतर काय झालं याचा तपशीलही तितकाच तोलून पाहतात. घरातल्या कुणी फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढला असेल तर तो जरूर न्या.

आणि किती जागायचं हे ग्रुपवर विचारू नका. कुणाला पूर्ण रात्र जागायला सांगतात, कुणाला चारेक तास झोपू देतात, लहान मुलांचं गणित वयानुसार बदलतं. वेळ ठरवतानाच झोपायची आणि उठवायची वेळ लिहून घ्या, आणि गोळ्यांचं त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.