कलम १२५ 'बंद' झालं म्हणून मुलांचा खर्च बंद नाही झालेला

दोन दिवसांपासून एक मेसेज फिरतोय, की १ जुलै २०२४ ला बायकामुलांच्या खर्चाचं (पोटगीचं) कलम १२५ रद्द झालं त्यामुळे घटस्फोट झाला नसेल तर मुलांसाठी बापाकडून खर्च मागता येत नाही, आणि त्याने नोकरी सोडली तर विषयच संपला. आमच्या सोसायटीतली एक ताई हे वाचून भरलेला अर्ज पिशवीत तसाच ठेवून बसली होती, म्हणून लिहितेय.

जुना फौजदारी प्रक्रिया कायदा गेला हे खरं, पण तीच तरतूद त्याच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आहे, मी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. घटस्फोटाची अट नाही, लग्न झालेलं नसलं तरी मुलाचा हक्क आहेच. आई राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, बापाच्या गावी खेटे नकोत. नोकरी सोडल्याचं म्हणाल तर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना बायकामुलांना पोसायचंय. आणि सुप्रीम कोर्टाच्याच २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही कमाई-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, खर्च अर्जाच्या तारखेपासून धरतात.

आदेश होऊनही पैसे देत नसेल तर वॉरंट, जेलसुद्धा, पण थकबाकीसाठी पैसे थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करा, इथेच बऱ्याच जणी चुकतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००.

तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, ज्या ग्रुपवर टाकलाय तिथे हे टाका.