मॉनिटर विसराळू राहावेत म्हणून

सकाळी कॉम्प्युटर जागा केला आणि काल डाव्या मॉनिटरवर ठेवलेलं एक्सेल डावीकडेच सापडलं, तर दिवसाची सुरुवात किती बेचव होईल! त्यापेक्षा सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर गोळा झालेल्या बऱ्या. त्या एकेक करून ओढायच्या, १०० टक्क्यांवर उतरलेलं स्केलिंग (अक्षरं-चित्रांचा आकार) पुन्हा १५० वर चढवायचं, उभा लावलेला मॉनिटर आडवं दाखवू लागला असेल तर मान वाकडी करून सेटिंग शोधायचं. हा व्यायाम रोज घडावा अशी इच्छा असेल तर काही पथ्यं पाळावी लागतात.

पहिलं पथ्य म्हणजे दोष कायम विंडोजला द्या. वास्तविक विंडोज फारसं काही विसरत नाही. मॉनिटरच्या प्रत्येक संचाची मांडणी ते रजिस्ट्रीत, म्हणजे आपल्या सेटिंग्जच्या वहीत, वेगवेगळी नोंदवून ठेवतं आणि तोच संच पुन्हा दिसला की तीच मांडणी लावतं. अडतं ते 'तोच' हे ठरवताना. प्रत्येक मॉनिटर केबलमधून ईडीआयडी नावाची आपली माहिती पाठवतो. तिचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो आणि त्यात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, पसंतीचं रिझोल्यूशन असं सगळं असतं. ही माहिती उशिरा किंवा अर्धवट पोहोचली, की विंडोजच्या लेखी तो मॉनिटर नवा किंवा गैरहजर. पण एवढं समजून घेतलंत तर तुम्ही केबल तपासायला जाल, आणि तिथेच घोटाळा होईल.

खरेदी करताना एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर घ्या. काही उत्पादक ईडीआयडीत अनुक्रमांक शून्य ठेवतात किंवा सगळ्यांना एकच देतात, म्हणजे जुळ्या भावांना एकच हजेरी क्रमांक. मग कोणता कुठला हे फक्त पोर्टवरून कळतं. म्हणून टेबल पुसताना केबली काढा आणि लावताना हाताला येईल त्या पोर्टात घाला. केबलला चिठ्ठी चिकटवण्याचा मोह टाळा.

आता मुख्य साधना, डिस्प्लेपोर्टची. एचडीएमआयसारख्याच मॉनिटर जोडण्याच्या या जोडणीत 'मी इथे आहे' असं सांगणारी एक वेगळी तार असते. बरेच मॉनिटर गाढ झोपेत गेले किंवा बटणाने बंद केले की ती तार गप्प होते, आणि कॉम्प्युटरला वाटतं केबलच उपटली. लगेच सगळ्या खिडक्या उरलेल्या पडद्यावर स्थलांतर करतात. एचडीएमआयवर हे कमी घडतं, कारण तिथे कॉम्प्युटरकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर ईडीआयडीची चिप मॉनिटर बंद असतानाही वाचता येते. तेव्हा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतला 'डीप स्लीप' चालूच ठेवा, सिग्नल कुठल्या पोर्टातून येतोय हे आपणच शोधणाऱ्या 'ऑटो सोर्स'लाही हात लावू नका. रात्री कॉम्प्युटर स्लीपमध्ये ठेवून मॉनिटरची वीज भिंतीवरूनच घालवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग 'मल्टिपल डिस्प्लेज' इथे एक चौकोन आहे, जो खिडक्यांच्या जागा मॉनिटरच्या जोडणीनुसार लक्षात ठेवतो. तिकडे फिरकू नका.

केबल शक्यतो निनावी घ्यावी. डिस्प्लेपोर्टच्या २० क्रमांकाच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, ते अ‍ॅडॉप्टरसारख्या उपकरणांसाठी. साध्या केबलमध्ये ही पिन दोन्ही टोकांना जोडायची नसते. स्वस्त केबलवाले जोडतात. मग मॉनिटरची वीज उलटी ग्राफिक्स कार्डात शिरते; कधी मॉनिटर जागा होत नाही, कधी कॉम्प्युटरच सुरू व्हायला कुरकुरतो, आणि तुम्ही शांतपणे ड्रायव्हरला शिव्या देऊ शकता. दोन मीटर पुरत असतील तिथे पाच मीटरची लावा.

डॉक, म्हणजे लॅपटॉपला एका केबलने अनेक पडदे जोडणारी पेटी, वापरणाऱ्यांचं नशीब तर थोर. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या चारही लेन (केबलमधल्या डेटाच्या वाटा) मिळून चित्रासाठी १७.२८ गिगाबिट देतात, तेही दर सेकंदाला. ६० हर्ट्झच्या एका फोर-के पडद्याला साधारण साडेबारा लागतात. आता अशा डॉकवर दोन फोर-के लावा आणि दुसरा कमी रिझोल्यूशनवर का येतो यावर सहकाऱ्यांशी चर्चा करा. यूएसबी-सीतून वेगवान डेटाही चालू असेल तर चित्राला दोनच लेन उरतात. मग एकटा फोर-केसुद्धा ३० हर्ट्झवर येतो आणि माउस चिखलातून चालल्यासारखा वाटतो. मॅकवाल्यांनी एमएसटीचा, म्हणजे एकाच डिस्प्लेपोर्ट जोडणीतून अनेक पडद्यांची चित्रं पाठवणारा, डॉक आणावा. एका केबलमधून दोन वेगळे डेस्कटॉप मॅकओएस त्यावर काढत नाही, दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं. आहे की नाही अद्वैत!

खुर्चीचं विसरू नका. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीत बसता-उठताना विद्युतचुंबकीय झटका निर्माण होऊ शकतो, तो व्हिडिओ केबल पकडते आणि पडदा क्षणभर काळा होतो. ही थट्टा नाही, डिस्प्लेलिंक कंपनीने आपल्या मदतीच्या लेखात हे लिहून ठेवलंय. चांगलं आवरण असलेली केबल किंवा असा झटका शोषणारी फेराइटची कडी लावली तर मजा जाते.

एवढं करूनही गोंधळ झालाच, तर थेट विंडोज पुन्हा टाका. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकदम दाबल्या तर ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात. इतक्या स्वस्तात सुटणं बरं नव्हे. मॉनिटरची वायर प्लगमधून काढून काही मिनिटं थांबणं हेही कमीपणाचं. रजिस्ट्रीत 'ग्राफिक्सड्रायव्हर्स'खाली 'कॉन्फिगरेशन' आणि 'कनेक्टिव्हिटी' असतात. आधी एक्सपोर्ट करून ठेवून त्यांच्या आतल्या जुन्या नोंदी पुसल्या आणि रीस्टार्ट केलं, तर मांडणीची पाटी कोरी होते. म्हणून एक्सपोर्ट न करताच पुसा. शिवाय केबल, पोर्ट, ड्रायव्हर आणि डॉकचं फर्मवेअर एकाच दुपारी बदला, म्हणजे कशाने बरं झालं हे कुणालाच कळणार नाही.

ईडीआयडी एम्युलेटर नावाची डबी केबलच्या मध्ये बसवली तर मॉनिटर बंद असला तरी कॉम्प्युटरला तो चालूच वाटतो आणि मांडणी हलत नाही. एकच कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर दोन कॉम्प्युटरांत वाटणाऱ्या केव्हीएम स्विचमध्येही ही सोय असलेले मिळतात. तुम्ही नसलेला निवडा. डबी घेतलीच, तर एक सुख मात्र शिल्लक राहतं. मॉनिटर खरोखर बंद असताना खिडकी त्याच्याच अंधारात उघडते आणि तुम्ही ती शोधत बसता. विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबला की ती शेजारच्या पडद्यावर येते, हे शेजारच्या टेबलावरच्याला सांगू नका.