‘सावध राहा’ पुरे, आधी सेटिंग बंद करा

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पैसे फोनवरच्या फसवणुकीत गेल्याची बातमी आली आणि पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘एवढी शिकलेली माणसं फसतात कशी हो?’ मग नेहमीचं लाल अक्षरांतलं पोस्टर: अनोळखी लिंकवर क्लिक करू नका. झालं, कर्तव्य संपलं. नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकी एकानेही पोस्टर टाकल्यावर स्वतःच्या फोनची सेटिंग उघडून पाहिली नसणार, पैज लावा.

मुळात काकांना लिंक आलीच नव्हती. नंबरही अनोळखी नव्हता. ठाण्यात उपवनला सकाळी बरोबर फिरणाऱ्या मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल आली, नाव ‘आरटीओ चलान’, शेवटी ‘.एपीके’, म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवणारी फाइल. मित्राचा फोन आधीच बाधित होता आणि त्याच्या नकळत तीच फाइल सगळ्यांना वाटत सुटला होता. घोडबंदर रोडवरून गाडी नेणाऱ्याला ‘आलं असेल चलान’ असं वाटलं, यात मूर्खपणा कुठे आहे? चलान एपीके म्हणून येत नाही, ते महाट्रॅफिकच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार अंक टाकून बघायचं असतं. पण हे काकांना सांगितलं कोणी होतं?

आता खरी मेख. अँड्रॉइड ८ पासून प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप टाकायची परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपमधून एपीके उघडलं की फोन अडवतो, ‘या ठिकाणाहून अ‍ॅप घ्यायची परवानगी नाही’ म्हणतो. काकांना तो अडवणारा पडदा दिसलाच नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपची ती परवानगी आधीपासून चालू होती. भाच्याने मागे फुकटात क्रिकेट दिसणारं कसलंसं अ‍ॅप टाकून दिलं, तेव्हा चालू केली आणि तशीच सोडून गेला. आज ग्रुपवर सगळ्यात जास्त कोण हसलं? तोच भाचा.

पुढचं ठरलेलं असतं. अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग नोटिफिकेशनची, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची. ही शेवटची मिळाली की अ‍ॅप पडद्यावरचं वाचतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबतं. मग ‘पडताळणीसाठी १ रुपया भरा’ असं पान येतं, तिथे कार्डाचा नंबर आणि पिन टाकला की ओटीपी परस्पर तिकडे पोचतो. आयकॉन गायब होतं, म्हणजे शोधायलाही काही उरत नाही. (आयफोनवाल्यांनो, हसू नका. तुमच्याकडे एपीके चालत नाही, पण एक रुपयाचं खोटं पान सफारीतही तितकंच खरं दिसतं.)

म्हणून पोस्टर ठेवा बाजूला आणि आईबाबांचा फोन हातात घ्या. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल्स सगळं बंद. कंपनीगणिक वाट बदलते, सापडली नाही तर सेटिंग्जच्या शोधात ‘अननोन’ टाका. सॅमसंगवर ‘ऑटो ब्लॉकर’ असेल तर तो चालू करा, म्हणजे बाहेरचं अ‍ॅप बसणारच नाही. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप हेरणारा गूगलचा पहारेकरी, चालू आहे ना ते प्ले स्टोअरमध्ये बघा. ‘फाइल बसत नसेल तर प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं फोनवर कोणी सांगितलं की तो चोरच समजा, दुसरा विचार नको. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी उघडा आणि ओळखीचं नसलेलं जे दिसेल ते बंद करा.

आपल्यातले एफ-ड्रॉइडवाले (प्ले स्टोअरबाहेरच्या त्या भांडारातून अ‍ॅप घेणारे) आता अंगावर येतील की फोन माझा, त्यात काय टाकायचं ते मी ठरवणार. बरोबर आहे. तुमच्या फोनवर ठरवा, साठीच्या माणसाच्या फोनवर नको. आणि मान्य, समोरचा गोड बोलून पिनच काढून घेत असेल तर सेटिंगने काही होत नाही. तेवढ्यापुरतं तुमचं पोस्टर खरं.

काकांचं दुसरं नुकसान वेळेने केलं. वार रविवार. पैसे गेल्याचा मेसेज दिसल्यावर ते शाखेचा नंबर फिरवत बसले, तोवर एफडीही ऑनलाइन मोडली गेली. अशा वेळी पहिल्या मिनिटाला एअरप्लेन मोड लावा आणि वायफायही बंद झालंय ना ते बघा. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन करा. कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय, तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली तरी तक्रार केल्यानंतर होणारा तोटा बँकेचा, म्हणून मिनिटाला किंमत आहे. घाईघाईत फोनमधलं सगळं पुसून टाकू नका. आधी ती फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा, पोलिसांना लागतात. नंतर फॅक्टरी रीसेट, आणि जुन्या बॅकअपमधून अ‍ॅप परत घेऊ नका. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. कॉल फॉरवर्डिंग लागलेलं असू शकतं, ते फोनच्या कॉल सेटिंगमध्ये तपासा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये परकं काही दिसलं तर लॉग आउट करा, आणि टू-स्टेप पिन लावा.

एक काम मात्र आजच करा. यूपीआय ज्या खात्याला जोडलंय त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. एफडी आणि पेन्शनचं खातं वेगळं, त्याला ना यूपीआय, ना फोनमधलं नेटबँकिंग. एफडी ऑनलाइन मोडण्याची सोय बंद करता येते का, हे शाखेत जाऊन विचारा.

काका आज खाली उतरलेच नाहीत. आयुष्यभर लोकांचे ताळेबंद तपासलेला माणूस. काकू म्हणाल्या, पैशांपेक्षा त्यांना ग्रुपवरचं हसणं लागलं. ते हसरे चेहरे अजून पुसता येतात, दाबून धरा आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा.

ज्यांना अननोन अ‍ॅप्सची वाट सापडत नाही त्यांनी खाली फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती लिहा, सांगतो. ‘अबाउट फोन’चा स्क्रीनशॉट टाकणार असाल तर आयएमईआय आणि नंबर आधी झाका.